पास झालेल्या बोर्डांतला संशयित कसा शोधायचा : चाचणीच्या मोजमापांतून आउटलायर हुडकण्याची पद्धत

इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड चाचणीत पास झाला म्हणजे तो लिमिटच्या आत आहे, एवढंच कळतं. तो चांगला आहे की नाही, हा वेगळा प्रश्न. समजा, स्टँडबाय करंटची लिमिट १०० मायक्रोअँप आहे. लॉटमधले, म्हणजे एका खेपेतले, सगळे बोर्ड ४४ च्या आसपास आहेत आणि एकच ७१ वर बसलाय. टेस्टर त्यालाही हिरवा दिवा देतो आणि तो बोर्ड पुढे गाडीत जाऊन बसतो. त्याच्यात नक्की काय बिघडलंय ते आपल्याला अजून माहीत नाही, पण त्याच्या शेजाऱ्यांपेक्षा तो वेगळा आहे आणि त्याला काहीतरी कारण आहे.

असे बोर्ड, म्हणजे आउटलायर, शोधायला आता बरेच इंजिनीअर डेटा मायनिंग वापरतात. पण सुरुवात बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून होते. महिनाभराचा डेटालॉग एका फाईलमध्ये गोळा करायचा, पायथॉनमधला आयसोलेशन फॉरेस्ट हा आउटलायर शोधणारा तयार अल्गोरिदम त्यावर चालवायचा आणि आलेली यादी लाईनवर पाठवायची. यादीतले दहा-बारा बोर्ड तपासले की सगळे ठणठणीत निघतात. दोन आठवड्यांत लाईनवरचे लोक यादी उघडायचंही सोडतात आणि एकदा गेलेला तो विश्वास परत मिळवायला फार वेळ लागतो. त्या यादीतलं बहुतेक सगळं टेस्टरचं, फिक्स्चरचं (चाचणीसाठी बोर्ड ज्यात बसवतात त्या साच्याचं) किंवा फाईलचं दुखणं असतं आणि बोर्डाचा त्यात दोष नसतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. अल्गोरिदम सातव्या टप्प्यावर येतो.

टप्पा १ : प्रश्न ठरवा, मग रकाने गोळा करा

एकाच डेटातून तीन वेगळे प्रश्न विचारता येतात. हा एक बोर्ड वेगळा आहे का? हा टेस्टर किंवा फिक्स्चर आजारी आहे का? सगळी प्रक्रियाच हळूहळू सरकते आहे का? पहिल्यासाठी बोर्डाची तुलना शेजारच्या बोर्डांशी होते, दुसऱ्यासाठी फिक्स्चरची फिक्स्चरशी आणि तिसऱ्यासाठी आजची कालशी. तिन्हींची उत्तरं एकाच आकड्यात शोधली की एकही नीट मिळत नाही.

प्रत्येक रीडिंगसोबत या गोष्टी हव्यात :

- सीरियल नंबर, आणि हा त्या बोर्डाचा कितवा रन (चाचणीची फेरी)
- टेस्टचं नाव, रीडिंग, एकक, खालची आणि वरची लिमिट
- टेस्टर, फिक्स्चर, आणि एकाच वेळी अनेक बोर्ड लागत असतील तर साइट नंबर
- टेस्ट प्रोग्रॅमची आवृत्ती
- लॉट, पॅनेल आणि पॅनेलमधली जागा
- वेळ, आणि शक्य असेल तर टेस्टरजवळचं तापमान

यातलं सर्वांत जास्त गाळलं जाणारं म्हणजे फिक्स्चर नंबर आणि रन नंबर. हे दोन नसतील तर आधी ते लॉग करायची सोय करा, दोन आठवडे थांबा आणि मग पुढे या. चिप चाचणीतल्या एसटीडीएफ या ठरावीक स्वरूपाच्या फाईलमध्ये साइट नंबर आधीच असतो. बोर्ड चाचणीच्या घरगुती सीएसव्हीत तो बहुधा नसतो. तापमानाचा रकाना लोकांना चैनीचा वाटतो, पण सिलिकॉन जंक्शनमधली गळती दर १० अंशांना साधारण दुप्पट होते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी मोजलेला आणि डिसेंबरच्या सकाळी मोजलेला स्टँडबाय करंट तापमान न पाहता एकाच रांगेत बसवता येत नाही.

तपासा : सगळ्या टेस्टरांची घड्याळं जुळतात का? एक टेस्टर सात मिनिटं पुढे असेल तर पुढचा सगळा कालक्रम चुकतो.

टप्पा २ : मोजणाऱ्याला आधी मोजा

एक चांगला बोर्ड घ्या. तो फिक्स्चरमधून न काढता दहा वेळा तपासा. मग दर वेळी काढून, परत बसवून दहा वेळा तपासा. दोन्ही मालिकांचा पसारा शेजारी शेजारी मांडा. काढल्या-बसवल्यावर पसारा एकदम वाढला तर दोष संपर्काचा आहे : झिजलेल्या पोगो पिना (बोर्डाला टेकणाऱ्या स्प्रिंगच्या पिना), त्यांच्या टोकाला जमलेला फ्लक्स, किंवा बोर्ड नीट दाबलाच न जाणं. न काढताही पसारा मोठा असेल तर इन्स्ट्रुमेंटचं सेटिंग, सेटलिंगचा वेळ किंवा नॉईज पाहा.

एक चूक इथे हमखास होते. मोजमापाचा पसारा टॉलरन्सच्या १० टक्क्यांच्या आत आहे म्हणून लोक निश्चिंत होतात. पास-फेल ठरवायला ते पुरेसं आहे. पण आपण बोर्डाची तुलना लिमिटशी करणार नाही, बाकीच्या बोर्डांशी करणार आहोत. तेव्हा मोजमापाचा पसारा लॉटच्या स्वतःच्या पसाऱ्याशी ताडून पाहायला हवा. लॉटचा पसारा ५ मिलिव्होल्ट आणि एकट्या मोजमापाचा ४ मिलिव्होल्ट असेल तर त्या टेस्टमध्ये तुम्ही फिक्स्चरच पाहताय. ती टेस्ट बाजूला काढा, दुरुस्त करा आणि मगच यादीत घ्या.

सावधान : इन्स्ट्रुमेंट गरम व्हायच्या आधी घेतलेली रीडिंग्ज या प्रयोगात धरू नका. मॅन्युअलमध्ये वॉर्म-अपचा वेळ दिलेला असतो, तो पाळा.

टप्पा ३ : साफसफाई, याच क्रमाने

अ) आधी खोटे आकडे काढा. एससीपीआय ही प्रमाणित आज्ञांची भाषा बोलणारी इन्स्ट्रुमेंट्स ओव्हररेंज झालं की ९.९ गुणिले १० चा ३७ वा घात पाठवतात आणि मोजता आलं नाही तर ९.९१ गुणिले तोच घात. काही टेस्ट प्रोग्रॅम ९९९ किंवा उणे १ लिहितात. ही रीडिंग्ज नव्हेत, निरोप आहेत. त्यांना वेगळ्या रकान्यात 'ओव्हररेंज', 'मोजलं नाही' अशा नावांनी ठेवा. पुसू नका, कारण एखाद्या फिक्स्चरवरच ओव्हररेंज जास्त येत असेल तर तीही माहितीच आहे.

आ) मग एककं एकसारखी करा. प्रोग्रॅमच्या एका आवृत्तीत मिलिअँप आणि पुढच्या आवृत्तीत अँप, असं मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय.

इ) रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवा. पहिल्या फेलवर थांबणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पुढच्या टेस्ट चालतच नाहीत. तिथे शून्य भरलं तर शेकडो नकली आउटलायर तयार होतात. सरासरी भरली तर उलटं होतं. पसारा कृत्रिमपणे आवळला जातो आणि चांगले बोर्ड बाहेर पडतात.

ई) शेवटी रिटेस्ट. एकाच सीरियलचे तीन रन असतील तर बरेच जण शेवटचा ठेवून बाकीचे उडवतात. तसं केलं की संपर्काचा सगळा आजार नजरेआड होतो. दोन तक्ते करा : पहिल्या रनचा तक्ता टेस्टर-फिक्स्चरच्या तब्येतीसाठी, शेवटच्या रनचा बोर्डाच्या परीक्षेसाठी. किती रन लागले हा आकडा दोन्हींत ठेवा. तिसऱ्यांदा पास झालेला बोर्ड पहिल्यांदा पास झालेल्या बोर्डासारखा कधीच धरू नये, असं माझं ठाम मत आहे.

सावधान : कच्ची फाईल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. सीरियलच्या सुरुवातीची शून्यं गळतात आणि १५ अंकांपुढचे अंक शून्य होतात. दोन वेगळे बोर्ड एकाच नावाचे होतात. सीरियलचा रकाना मजकूर म्हणूनच वाचा.

तपासा : प्रत्येक टेस्टसाठी एक ओळ छापा : किती रीडिंग्ज, सर्वांत लहान, सर्वांत मोठं, मध्यक (चढत्या क्रमात लावल्यावर मधोमध येणारं रीडिंग), आणि वेगवेगळ्या किमती किती. हजार बोर्डांत एकच किंमत दिसली तर ती टेस्ट काहीच मोजत नाहीये. रिले बंदच होत नसेल किंवा जुनी किंमतच पुन्हा वाचली जात असेल. लाईनवर बिनबोभाट पास होत राहणारी अशी मेलेली टेस्ट ही माझ्या मते सर्वांत धोक्याची विसंगती, आणि ती याच एका ओळीत सापडते.

टप्पा ४ : गट पाडा

फिक्स्चर १ वर ३.३ व्होल्टची रीडिंग्ज ३.३०२ भोवती येतात आणि फिक्स्चर २ वर ३.३१८ भोवती. दोन्ही बरोबर, फक्त वायरिंगमधला फरक. दोन्ही एकत्र केली की एकाच्या जागी दोन डोंगर दिसतात. आता फिक्स्चर १ वर एका बोर्डाने ३.३१८ दिलं. तो बोर्ड तिथल्या गर्दीपासून दूर आहे, पण एकत्र फाईलमध्ये दुसऱ्या डोंगराच्या माथ्यावर आरामात बसलाय. कुठलाही अल्गोरिदम त्याला बोट लावणार नाही.

म्हणून प्रत्येक टेस्टचा हिस्टोग्रॅम आधी फिक्स्चरवार, साइटवार आणि प्रोग्रॅमच्या आवृत्तीवार रंगवून बघा. डोंगर वेगळे असतील तर प्रत्येक रीडिंगमधून त्याच्या गटाचा मध्यक वजा करा आणि पुढचं काम त्या फरकावर करा. एका गटात निदान तीसेक बोर्ड हवेत. त्याहून कमी असतील तर तो गट वेगळा न धरलेलाच बरा.

फिक्स्चर, साइट आणि आवृत्ती सारखी असूनही दोन डोंगर दिसले तर भागांच्या रीलचा (गुंडाळीचा) नंबर पाहा. पर्यायी पुरवठादाराचा भाग मधेच लागलेला असतो. तोही गटच आहे, दोष नव्हे.

सावधान : लॉटचा मध्यक वजा करण्यापूर्वी लॉटांचे मध्यक एकमेकांशी ताडून पाहा. अख्खा लॉट सरकलेला असेल आणि तुम्ही त्याचाच मध्यक वजा केलात, तर सगळे वाईट बोर्ड एकमेकांसारखे, म्हणजे निर्दोष दिसतील.

टप्पा ५ : एकेका टेस्टची लिमिट, मध्यकावरून

इथे जरा थांबू या, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. वरच्या उदाहरणातले ११ बोर्ड घ्या. स्टँडबाय करंट मायक्रोअँपमध्ये :

४१, ४२, ४२, ४३, ४३, ४४, ४४, ४५, ४५, ४६, ७१

नेहमीच्या पद्धतीने सरासरी ४६ येते आणि प्रमाण विचलन, म्हणजे सिग्मा, ८.४. सरासरी अधिक तीन सिग्मा म्हणजे ७१.३. म्हणजे ७१ आतच! ज्याला पकडायचं त्यानेच सरासरी वर ओढली आणि सिग्मा फुगवला. हा काही योगायोग नव्हे. रीडिंग्ज १० किंवा कमी असतील आणि सिग्मा त्यांच्यावरूनच काढलेला असेल, तर कितीही वेडंवाकडं रीडिंग तीन सिग्माच्या बाहेर जाऊच शकत नाही, असं गणितच सांगतं.

आता मध्यकाने करू. मध्यक ४४. प्रत्येक रीडिंगचं ४४ पासूनचं अंतर काढा, चिन्ह सोडून द्या आणि त्या अंतरांचा मध्यक घ्या : तो येतो १. त्याला १.४८२६ ने गुणलं की सिग्माच्या जागी वापरता येईल असा आकडा मिळतो, साधारण १.४८. मध्यक अधिक सहापट म्हणजे ५२.९. बाकीचे दहा बोर्ड आत आणि ७१ चा बोर्ड अठरा सिग्मांहून दूर. वाहन उद्योगात वापरली जाणारी एईसी-क्यू००१ ही मार्गदर्शिका याच वळणाने जाते : मध्यक, चतुर्थकांमधल्या अंतराला (मधल्या निम्म्या रीडिंग्जच्या पसाऱ्याला) १.३५ ने भागून काढलेला सिग्मा, आणि दोन्ही बाजूंना सहापट मर्यादा.

सहापट का, तीनपट का नाही? बोर्डावर ५०० टेस्ट असतील, सगळ्या एकमेकींपासून स्वतंत्र आणि घंटाकृती वितरणाच्या असतील, तर तीन सिग्मा लावल्यावर निर्दोष बोर्डातलं निदान एक रीडिंग बाहेर पडण्याची शक्यता जवळपास ७४ टक्के येते. प्रत्यक्षात टेस्ट एकमेकींशी जोडलेल्या असतात, म्हणून आकडा कमी होईल. तरी लाईनचा विश्वास घालवायला तो पुरेसा आहे.

या टप्प्यावरच्या तीन खाचा लक्षात ठेवा.

रीडिंग्ज ठरावीक पायऱ्यांतच येत असतील आणि निम्म्याहून जास्त बोर्ड एकाच किमतीवर असतील तर अंतरांचा मध्यक शून्य येतो. मग एक पायरी इकडे-तिकडे झालेला प्रत्येक बोर्ड आउटलायर ठरतो. सिग्माला तळ द्या : दुसऱ्या टप्प्यात काढलेल्या मोजमापाच्या पसाऱ्याखाली तो जाता कामा नये.

गळती करंट आणि इन्सुलेशन रेझिस्टन्स यांना एका बाजूला लांब शेपूट असते. यांचा आधी लॉगॅरिदम घ्या, मग लिमिट काढा. नाहीतर शेपटीतले निर्दोष बोर्ड बाहेर पडतील आणि दुसऱ्या बाजूचा खरा संशयित सुटेल.

आणि फेल झालेले बोर्ड या हिशेबात धरू नका. ते आधीच पकडलेले आहेत.

तपासा : मागच्या दोन-तीन लॉटवर या लिमिट चालवा आणि किती बोर्ड बाहेर पडले ते मोजा. एकाच टेस्टमुळे निम्मी यादी भरत असेल तर ती टेस्ट परत टप्पा २ वर न्या.

टप्पा ६ : वेळेच्या रांगेत लावून बघा

प्रत्येक महत्त्वाची टेस्ट मोजणीच्या क्रमाने आलेखावर मांडा आणि त्यावर मागच्या २५ बोर्डांचा सरकता मध्यक काढा. हळूहळू चढत जाणारा रेझिस्टन्स म्हणजे बहुधा पिना झिजताहेत किंवा मळताहेत. साफसफाईच्या दिवशी रेषा खाली उतरली की खात्री. एकदम आलेली पायरी म्हणजे रील बदललं, प्रोग्रॅम बदलला किंवा इन्स्ट्रुमेंट कॅलिब्रेशन होऊन आलं.

एका लाईनवर मला रोज पहिल्या शिफ्टच्या सुरुवातीचे वीस-पंचवीस बोर्ड संशयित दिसायचे. मी तीन दिवस कॅपॅसिटरचा पुरवठादार बदलला का, याची चौकशी करत होतो. आलेख वेळेवर लावल्यावर पाचव्या मिनिटाला दिसलं : टेस्टर रात्री बंद होत होता आणि सकाळी सुरू होताच त्यावर बोर्ड लागत होते. तेव्हापासून सहावा टप्पा केल्याशिवाय मी पुढे जात नाही.

टप्पा ७ : आता अनेक टेस्ट एकत्र

एकेकटी रीडिंग्ज आत असूनही जोडी विचित्र असू शकते. गरम बोर्डाचा स्टँडबाय करंट जास्त असणं साहजिक आहे. थंड बोर्डाचा जास्त असेल तर नाही. म्हणून पहिली पायरी साधी ठेवा : ज्या दोन टेस्टचं नातं सर्किटवरून कळतं त्यांच्यात एक रेषा बसवा, रेषेपासूनचं अंतर काढा आणि त्या अंतरावर टप्पा ५ चीच लिमिट लावा. माझ्या अनुभवात खरे सापडणारे बोर्ड यातूनच जास्त मिळतात. शिवाय कारण समजावून सांगता येतं.

त्यापुढे महालनोबिस अंतर. हे सगळ्या टेस्टमधले सहसंबंध लक्षात घेऊन बोर्ड गर्दीच्या मध्यापासून किती दूर आहे ते सांगतं. त्याची अट अशी की बोर्डांची संख्या टेस्टच्या संख्येपेक्षा बरीच जास्त हवी आणि तीच गोष्ट दोनदा मोजणाऱ्या टेस्ट नकोत. म्हणून ५०० टेस्ट एकदम घालू नका. सर्किटच्या भागांप्रमाणे तुकडे करा : पॉवर सप्लायच्या टेस्ट एकत्र, कॅन कम्युनिकेशनच्या (गाडीतल्या बोर्डांच्या आपसांतल्या संवादाच्या) एकत्र, आउटपुट ड्रायव्हरच्या एकत्र. मध्य आणि सहसंबंध काढतानाही आउटलायरना दाद न देणारी पद्धत वापरा, नाहीतर ७१ वाली गोष्ट इथेही घडते.

शेवटी आयसोलेशन फॉरेस्ट किंवा लोकल आउटलायर फॅक्टर. आयसोलेशन फॉरेस्ट टेस्ट आणि छेद देण्याची किंमत यादृच्छिक निवडून डेटाचे तुकडे पाडत जातो. जो बोर्ड थोड्याच छेदांत एकटा पडतो तो संशयित. यादृच्छिक निवडीमुळेच ५०० टेस्टच्या गर्दीत एका टेस्टमधला आउटलायर बुडून जातो. इथेही तुकडे करणंच बरं. लोकल आउटलायर फॅक्टर शेजाऱ्यांची दाटी मोजतो. त्याला सगळ्या टेस्ट एकाच मापात आणून द्याव्या लागतात, नाहीतर व्होल्टच्या शेजारी ओहम बसले की फक्त ओहमच बोलतात.

सावधान : पायथॉनच्या सायकिट-लर्न लायब्ररीत 'कंटॅमिनेशन' नावाची सेटिंग आहे. तिथे ०.०५ लिहिलं तर लॉट कितीही निर्मळ असो, ज्या डेटावर मॉडेल शिकलं त्यातले ५ टक्के बोर्ड आउटलायर ठरणारच. 'दर लॉटमध्ये नेमके ५ टक्के दोष सापडतात' असं कोणी सांगितलं तर आधी ही सेटिंग पाहा. फक्त स्कोअर घ्या, त्याचा हिस्टोग्रॅम काढा आणि गर्दीपासून खरोखर तुटलेले बोर्डच उचला.

तपासा : यादीतल्या प्रत्येक बोर्डापुढे कोणत्या तीन टेस्टमुळे तो आला ते लिहिता येतंय का? येत नसेल तर तो बोर्ड लाईनवर पाठवू नका.

टप्पा ८ : बोर्ड हातात आल्यावर

क्रम असा ठेवा. आधी बोर्ड आहे तसा बघा, फोटो काढा, पुसू-घासू नका. मग त्याच फिक्स्चरवर पुन्हा तपासा. मग दुसऱ्या फिक्स्चरवर. दोन्हीकडे त्या-त्या फिक्स्चरवर नेहमी वापरला जाणारा चांगला बोर्ड आधी आणि नंतर लावा.

विचित्र रीडिंग फिक्स्चरसोबत राहिलं तर फिक्स्चर, बोर्डासोबत फिरलं तर बोर्ड. परत बसवल्यावर नाहीसं झालं तर 'ठीक आहे' लिहून मोकळे होऊ नका. कच्चा सोल्डर जॉइंट आणि तडकलेला सिरॅमिक कॅपॅसिटरही दाब बदलला की असेच वागतात. असा बोर्ड हलका गरम करून, थंड करून पुन्हा मोजा. बोर्डावरच आहे अशी खात्री पटली तर संशयित भाग चांगल्या बोर्डावर लावा आणि चांगला भाग इकडे. दोष भागासोबत गेला, तरच भागाला दोष द्या.

निकाल ठरावीक सहा शब्दांतच नोंदवा : टेस्टर, फिक्स्चर, भाग, सोल्डर, प्रोग्रॅम, कारण सापडलं नाही. मोकळ्या मजकुरात नोंदी ठेवल्या तर सहा महिन्यांनी त्या मोजता येत नाहीत. आणि 'कारण सापडलं नाही' लिहायला कोणाला संकोच वाटता कामा नये, नाहीतर सगळे दोष सोल्डरच्या माथी मारले जातात.

टप्पा ९ : रोजच्या वापरात आणताना

पहिले काही आठवडे यादी फक्त स्वतः पाहा, बोर्ड अडवू नका. त्या काळात आलेले निकाल वरच्या सहा शब्दांत मोजा. 'टेस्टर' आणि 'फिक्स्चर' यांचीच संख्या जास्त असेल तर अजून टप्पा २ आणि ४ चं काम बाकी आहे. 'भाग' आणि 'सोल्डर' पुढे जाऊ लागले की मग बोर्ड अडवायला सुरुवात करा, आणि त्यांना 'फेल' न म्हणता 'संशयित' अशा वेगळ्या खुणेने वेगळ्या रॅकवर ठेवा. त्या रॅकचा निर्णय कोण आणि किती तासांत घेणार, हे नाव घालून ठरवा. नाव नसलेला रॅक महिनाअखेरीला पाठवणीच्या घाईत रिकामा केला जातो.

लिमिटलाही प्रोग्रॅमसारखी आवृत्ती द्या. भागाचा पुरवठादार, फिक्स्चर, इन्स्ट्रुमेंट किंवा प्रोग्रॅम यांपैकी काहीही बदललं की जुन्या लिमिट थांबवा आणि नव्या गटाचे पुरेसे बोर्ड जमेपर्यंत फक्त नेहमीच्या पास-फेल लिमिटवर चालवा. लिमिट रोज आपोआप नव्याने काढायची सोय मात्र करू नका. प्रक्रिया रोज थोडी थोडी सरकली तर लिमिटही तिच्यामागे सरकत जाते आणि तीन महिन्यांनी ७१ हाच मध्यक झालेला असतो.